एग्मोरच्या दीडशे विहिरी

६ एप्रिल १८१८ रोजी मद्रासच्या एग्मोर भागात, पूनमल्ली रस्त्याच्या कडेला, स्कॉटिश मंडळींच्या नव्या चर्चची कोनशिला बसली. मराठी वाचकाला हे दिवस वेगळ्या कारणाने ठाऊक असतात. दुसरे बाजीराव तेव्हा इंग्रज फौजांना चुकवत मुक्कामामागून मुक्काम हलवत होते. शरणागतीला दोन महिने उरले होते. मद्रासचा सरसेनापती टॉमस हिस्लॉप याने चारच महिन्यांपूर्वी महिदपूरची लढाई जिंकली होती. त्याच मद्रास लष्करातला एक इंजिनियर अधिकारी, मेजर टॉमस फियॉट द हॅव्हिलँड, एग्मोरला चिकणमातीत पाया कसा घालावा या प्रश्नात गुंतला होता. बाजीरावांच्या त्या पळापळीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या पायाबद्दल फारसे कोणी लिहिलेले नाही, आणि तो पाया मात्र आजही आपले काम करतो आहे.

सेंट अँड्र्यूज चर्च, म्हणजे चेन्नईकरांचे ‘कर्क’, २५ फेब्रुवारी १८२१ रोजी उपासनेसाठी खुले झाले. इमारत उभी असल्याने जमिनीवरचे सगळे पुन्हा पुन्हा मोजून पाहता येते. गोल सभागृह सुमारे साडेचोवीस मीटर व्यासाचे आहे. आत कोरिंथियन पद्धतीचे सोळा खोबणीदार खांब आहेत आणि त्यांच्यावर साडेएक्कावन्न फूट व्यासाचा उथळ घुमट. पश्चिमेकडचे शिखर १६६ फुटांवर जाते. यातले कोणी चुकीचे लिहिले तर शिडी लावून तपासता येईल. जमिनीखालच्या भागाला ही सोय नाही. पाया एकदा भरला की तो पुन्हा कोणाला दिसत नाही, आणि दिसायची वेळ आली तर ती दुर्घटनेची वेळ असते. म्हणून पायाचा इतिहास हा सर्वार्थाने कागदांचा इतिहास आहे.

कागदांच्या बाबतीत एग्मोरचे भाग्य थोर. मद्रास सरकारचे जुने दप्तर सांभाळणारे तमिळनाडू अभिलेखागार याच भागात, गांधी आयर्विन रस्त्यावर आहे. पण जुन्या मद्रासचा अभ्यासक जे पुस्तक पहिल्यांदा हाती घेतो, ते एच. डी. लव्ह यांचे १९१३ सालचे ‘व्हेस्टिजेस ऑफ ओल्ड मद्रास’, १८०० सालीच थांबते. कर्क त्याच्या कक्षेबाहेर राहते. उरतात ते ईस्ट इंडिया कंपनीचे निर्णय, चर्चच्या तारखा आणि द हॅव्हिलँडने स्वतः मागे ठेवलेला तपशील.

त्यातला पहिला धागा लंडनचा आहे. १८१३ च्या सनदेनंतर कंपनीने तिन्ही इलाख्यांच्या राजधान्यांत स्कॉटिश चर्चसाठी धर्मोपदेशक नेमण्याचे ठरवले. त्यातून कलकत्त्याचे सेंट अँड्र्यूज १८१८ साली, मुंबईत काळा घोड्याजवळचे १८१९ साली आणि मद्रासचे १८२१ साली उघडले. एकाच निर्णयातून निघालेल्या या तीन इमारती. मद्रासच्या इमारतीचा आराखडा लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सवरून घेतला असे सर्रास लिहिले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. जेम्स गिब्जने सेंट मार्टिनसाठी आधी एक गोल आराखडा केला होता. खर्चापायी तो बाजूला पडला, पण १७२८ साली छापलेल्या त्याच्या वास्तुग्रंथात तो राहिला. लंडनला जे परवडले नाही ते मद्रासला बांधले गेले.

हा गोल आराखडा मातीच्या दृष्टीने अवघड होता. एका टोकाला दगड-विटांचे १६६ फुटी शिखर आणि त्याला चिकटून तुलनेने हलके गोल सभागृह. सारखी बसणारी इमारत दोन इंच खाली गेली तरी कोणाला कळत नाही. एक बाजू दोन इंच बसली आणि दुसरी अर्धाच इंच, तर भिंत दोन्हींच्या सांध्यावर फाटते. घुमटाला हे मुळीच सोसत नाही, कारण त्याच्या खालची कडी जराशी पसरली तरी वरचा भाग उघडू लागतो.

आणि माती तर अशी की ती नुसती खाली बसत नव्हती, ती वरही येत होती. जागा दलदलीची, चिकणमातीची, पावसात फुगणारी. मराठवाड्यात किंवा विदर्भात ज्याने काळ्या रानात घर बांधले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि आषाढात त्याच भेगा मिटून जमीन वर उचललेली. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांसारखे असतात. काही खनिजांत, विशेषतः माँटमोरिलोनाइटमध्ये, पाणी या पापुद्र्यांच्या आत शिरते आणि त्यांना दूर सारते. हलकी भिंत असेल तर माती तिला उचलते. शिवाय इमारतीच्या मध्याखालची माती झाकलेली असल्याने ओलावा धरून राहते आणि कडेची माती दर वर्षी भिजते-वाळते, त्यामुळे कडा आणि मध्य यांच्या हालचाली जुळत नाहीत. चेन्नईत वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत येतो. बाकीचे महिने जमीन तापत राहते. फुगणाऱ्या मातीसाठी याहून कठीण हवामान शोधावे लागेल.

कोनशिलेची तारीख या पार्श्वभूमीवर वाचावी. एप्रिल म्हणजे मद्रासची जमीन आटून कडक झालेली, भूजल खाली गेलेले. अशा वेळी चार फूट खणले तर पहार टणत्कारते आणि पाया पक्का लागला असे वाटते. त्याच पायावर पुढच्या कार्तिकात काय गुदरले असते याची कल्पना करता येते. द हॅव्हिलँड त्या टणकपणाला भुलला नाही. त्याने इमारतीखाली सुमारे दीडशे विहिरी उतरवल्या. त्यांसाठी खास भाजून घेतलेली मातीची कडी वापरली. विहिरींची खोली एकसारखी नव्हती. सर्वांत उथळ १४ फूट आणि सर्वांत खोल ५० फूट.

या दोन आकड्यांवर थांबले पाहिजे, कारण सगळा दस्तऐवज त्यांच्यात आहे. नकाशावर बसून खोली ठरवली असती तर सगळ्या विहिरी सारख्या झाल्या असत्या. १४ आणि ५० यांच्यातली तफावत सांगते की खोली जमिनीने ठरवली: प्रत्येक विहीर कठीण थर लागेपर्यंत खाली नेली आणि तो थर एका चर्चच्या आवारात छत्तीस फुटांनी वरखाली होता. हा माझा निष्कर्ष आहे, मात्र दुसरा अर्थ लावणे मला अवघड वाटते. एका अर्थाने ही दीडशे ठिकाणी केलेली माती तपासणीच होती. तपासणीसाठी पाडलेले भोक आणि पाया ही एकच गोष्ट होती.

उथळ आकडाही तितकाच बोलका आहे. १४ फूट म्हणजे सुमारे ४.३ मीटर. फुगणाऱ्या मातीत हंगामी ओल-कोरडीचा परिणाम एका ठरावीक खोलीपर्यंतच पोहोचतो. आपल्याकडे काळ्या जमिनीसाठी भारतीय मानकाने तळाशी फुगवटा असलेल्या पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबाची, लांबी निदान साडेतीन मीटर धरली आहे. त्याखालची माती वर्षभर साधारण एकाच ओलीत राहते असा अनुभव आहे. रुर्कीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत विसाव्या शतकात रूढ केली. कर्कच्या दीडशे विहिरींपैकी सर्वांत उथळ विहीरदेखील या मर्यादेच्या खाली जाते. तिथे जी समज होती ती कोष्टकात नंतर आली.

ही समज एकट्या मेजरची नव्हती. तो गर्न्झी बेटावर १७७५ साली जन्मलेला, हाताने करून बघणारा माणूस. कावेरीवर लांब गाळ्याचा पूल विटांत होऊ शकतो हे पटवण्यासाठी त्याने श्रीरंगपट्टणला शंभर फुटांहून मोठ्या गाळ्याची कमान नमुना म्हणून उभारली, आणि ती १९३७ पर्यंत टिकली. पण कमान ही त्याने इंग्लंड-फ्रान्सच्या ग्रंथांतून घेतलेली विद्या. वाळू-चिखलात विहीर उतरवणे ही इथली. जमिनीवर कडे ठेवायचे, आतली माती उपसायची, कडे स्वतःच्या वजनाने खाली सरकते, मग त्यावर पुढचे कडे चढवायचे. पाणी लागले की बुडी मारून उपसायचे. कठीण थर लागला की पोकळी भरून टाकायची. दक्षिणेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे लोक होते. आर्थर कॉटन याने १८३० च्या दशकात कोळ्ळिडम नदीवर बंधारे बांधताना हीच रीत वापरली, आणि पुढे त्याने लिहून ठेवले की सैल वाळूत, जिचा तळ लागत नाही अशा जागी, पाया कसा घालावा हे आपण इथल्या जुन्या बांधकामांवरून शिकलो. कॉटनसारख्या अधिकाऱ्याने दिलेली ही कबुली फार मोलाची आहे. कर्कच्या नोंदीत मेजर आहे, धर्मोपदेशक आहे, कंपनी आहे. पन्नास फुटांवर अंधारात माती उपसणाऱ्या माणसांपर्यंत आपण पोहोचतो ते फक्त त्यांच्या कामाच्या खोलीवरून.

विहिरींनी नेमके काय साधले, हे सांगायला शास्त्राला आणखी शंभर वर्षे लागली. १९२५ साली कार्ल टेर्झागी याचे मृदा-यांत्रिकीवरचे पुस्तक व्हिएन्नात प्रसिद्ध झाले. त्याचे मूळ म्हणणे सोपे आहे. भिजलेल्या मातीवर भार टाकला की त्यातला काही कणांच्या सांगाड्यावर येतो आणि काही कणांमधल्या पाण्यावर. माती दबते ती फक्त सांगाड्यावर आलेल्या भाराने. वाळूतून पाणी झटकन निघून जाते, त्यामुळे जे काही बसायचे ते बांधकाम चालू असतानाच बसते. चिकणमातीतून ते इतके सावकाश निघते की इमारत पूर्ण होऊन, रंग देऊन, माणसे राहायला आली तरी बसणे चालूच असते, कधी दशके. पिसाचा मनोरा ११७३ साली सुरू झाला आणि मध्ये दोनदा लांबणीवर पडला. त्या खंडांत खालच्या मातीला पाणी सोडून घट्ट व्हायला वेळ मिळाला, नाहीतर तो पुरा होण्यापूर्वीच कोसळला असता असे अभ्यासक मानतात.

याच नियमाची दुसरी बाजू चेन्नईच्या जिव्हाळ्याची आहे. वर काहीही न बांधता नुसते भूजल उपसले, तरी पाण्याने उचललेला वाटा सांगाड्यावर येतो आणि जमीन बसते. मेक्सिको शहराचे काही भाग विसाव्या शतकात या कारणाने नऊ मीटरहून अधिक खचले. चेन्नईने २०१५ च्या डिसेंबरात महापूर पाहिला आणि २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय आटलेले पाहिले. साडेतीन वर्षांत एवढी टोके. या काळात घराघरांतल्या बोअरवेलनी पाणी किती खालून ओढले असेल आणि चिकणमातीच्या थरांवर त्याचा काय भार आला असेल, याचा विचार पाणीटंचाईच्या चर्चेत क्वचितच होतो.

शहराखालची जमीन एकजिनसी नाही. नैर्ऋत्येला सेंट टॉमस माउंट आणि पल्लावरम इथे कठीण चार्नोकाइट खडक उघडा दिसतो. कलकत्त्यातल्या जॉब चार्नोकच्या थडग्याचा दगड याच जातीचा, म्हणून भूशास्त्रज्ञ टॉमस हॉलंडने खडकाला ते नाव दिले. कूवम, अड्यार आणि कोसस्थलैयार या नद्यांनी मात्र शहराच्या मोठ्या भागावर गाळाचे थर पसरले आहेत, कुठे वाळू, कुठे चिकणमाती, आणि समुद्राकडे वाळूचे पट्टे. शिवाय माणसाने बुजवलेले तलाव आहेत. १९२० च्या दशकात मांबलमचा लांब तलाव कोरडा करून त्यावर आजचे टी. नगर वसवले. पश्चिम मांबलमचा लेक व्ह्यू रोड आणि नुंगंबाक्कमचा टँक बंड रोड यांच्या आसपास आता ना तलाव आहे ना बांध. रस्त्याच्या पाट्या मात्र अजून खरे सांगतात, आणि पाया घालणाऱ्याने त्या आधी वाचायला हव्यात. १९७६ साली उभारलेल्या वळ्ळुवर कोट्टमचा तो अवाढव्य दगडी रथही तलावाच्याच जागेवर आहे.

मद्रासच्या उंच इमारतींच्या इतिहासात एक मराठी नाव येते. माउंट रोडवरची एलआयसीची इमारत १९५९ साली पुरी झाली तेव्हा देशातल्या सर्वांत उंच इमारतींत गणली गेली. आराखडा लंडनच्या ब्राउन आणि मूलँ यांचा होता. ते दूर झाल्यावर काम तडीस नेले ते मद्रासमध्ये स्थायिक झालेले वास्तुविशारद एल. एम. चितळे यांनी. उंची १७७ फूट. म्हणजे १८२१ च्या कर्कच्या शिखरापेक्षा जेमतेम अकरा फूट जास्त. उंचीची खरी चढाओढ मद्रासमध्ये त्यानंतर सुरू झाली, आणि ती शहराच्या कडेला, पूर्वीच्या भातखाचरांकडे आणि तलावांकडे सरकत गेली.

२८ जून २०१४, शनिवार. पोरूरजवळच्या मौलिवाक्कम इथे बांधकाम चालू असलेली अकरा मजली इमारत संध्याकाळी वादळी पावसात काही क्षणांत बसली. आठवड्याची मजुरी घ्यायला जमलेले मजूर आत आणि आसपास होते. त्यांत आंध्र आणि ओडिशातून आलेले पुष्कळ. ६१ जण मेले. २७ जणांना ढिगाऱ्यातून जिवंत काढता आले. शोधकार्य जवळजवळ आठवडाभर चालले.

इथून पुढे कागदांचा स्वभाव बदलतो. कर्कचा तपशील बांधणाऱ्याने अभिमानाने लिहिला. मौलिवाक्कमचा तपशील चौकशीत, आरोप आणि बचाव यांच्यामध्ये जमा झाला. निवृत्त न्यायमूर्ती आर. रघुपती यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला आणि त्यांचा अहवाल ऑगस्ट २०१५ मध्ये विधानसभेपुढे आला. पुण्याने १९६१ च्या पानशेत धरणफुटीनंतर अशाच कागदांतून सत्य शोधले आहे, आणि तिथेही भराव खचल्याचा क्रम बावडेकर आणि नाईक आयोगांच्या कामातूनच आपल्यापर्यंत आला. असा दस्तऐवज वाचताना प्रत्येक विधान कोणाचे आणि कोणाच्या हिताचे, हे वेगळे ठेवावे लागते.

बांधणाऱ्यांच्या बाजूने पहिले विधान आले ते वीज पडल्याचे. आयोगाने ते स्वीकारले नाही. त्याने दोष इमारतीच्या रचनेत शोधला: खांबांची ताकद अपुरी आणि पाया व त्याखालची माती यांचा मेळ बसलेला नाही. पावसाबद्दलचा युक्तिवाद मातीच्या नियमांवर घासून पाहता येतो. एका संध्याकाळचा पाऊस कितीही जोराचा असला, तरी घट्ट चिकणमातीत तासाभरात काही मीटर उतरत नाही. तिच्यातून पाण्याचा प्रवास इतका मंद असतो. पायाभोवती सैल भराव असेल तर पाणी तिथून खाली जाऊ शकते हे खरे, पण असा भराव ठेवणे हीदेखील माणसाचीच करणी. पाऊस हे त्या दिवसाचे निमित्त असेल. भार महिनोन्‌महिने चढत होता, मजल्यामागून मजला. एका खांबाखालची जमीन थोडी जास्त दबली की त्याचा वाटा शेजारच्या खांबांवर जातो, आणि तेही जेमतेम असतील तर पुढे कोणताही खांब एकटा मोडत नाही.

शेजारी त्याच प्रकल्पाची दुसरी, तशीच अकरा मजली इमारत उभी होती. तज्ज्ञांनी ती राहण्याजोगी नाही असे ठरवले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ नोव्हेंबर २०१६ रोजी सुरुंगाने ती पाडली. शेजारची जुळी इमारत हा चौकशीला मिळालेला सर्वांत चांगला साक्षीदार होता: तोच आराखडा, तीच माती, आणि अजून मोजता येण्याजोगे खांब.

९ एप्रिल २०१७ चा रविवार त्या मानाने दयेचा होता. अण्णा सलाईवर, मेट्रोचे भुयार खाली खोदले जात असताना, रस्त्यात खड्डा पडला आणि प्रवाशांची बस व एक मोटार त्यात उतरली. कोणी दगावले नाही. भुयार खोदणारे यंत्र समोरच्या मातीला सतत दाबाने धरून ठेवते. खाली खडक आणि वर सैल, ओली वाळू असा मिश्र थर आला की तो दाब सांभाळणे कठीण होते. वाळू आत वाहते आणि वरची पोकळी हळूहळू रस्त्यापर्यंत चढते. एग्मोरच्या विहिरींतला छत्तीस फुटांचा फरक हीच गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी सांगत होता: या शहरात कठीण थर हाकेच्या अंतरात कितीही खोल जाऊ शकतो.

मेट्रोसाठी चेन्नईत ओळीने बोअर घेतले गेले. प्रत्येक बोअरची एक नोंद होते: किती मीटरवर कोणती माती लागली, ठराविक वजनाचा हातोडा मारून नळी एक फूट उतरायला किती ठोके लागले, पाणी किती खोलीवर होते, आणि तारीख कोणती. ती तारीख फार महत्त्वाची, कारण मे महिन्यातली पाणीपातळी आणि डिसेंबरातली पातळी ही दोन वेगळी जमीन असल्यासारखी वागतात. अशा नोंदी प्रत्येक मोठ्या इमारतीसाठीही केल्या जातात. मग त्या प्रकल्पाच्या फायलीत जातात, आणि शेजारच्या प्लॉटवर बांधणारा पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो, किंवा करत नाही. मला वाटते की हे कागद सार्वजनिक अभिलेखागारात, जागेच्या क्रमाने लावून, कोणालाही पाहता येतील असे ठेवले पाहिजेत. मौलिवाक्कमच्या बाबतीत माती काय होती हे ६१ माणसे गेल्यावर न्यायाधीशाला विचारावे लागले. द हॅव्हिलँडच्या दीडशे विहिरींची खोली मात्र आपल्याला माहीत आहे, कारण त्याने ती लिहून ठेवली.